सीटी स्कॅनचे ‘डाय’ आणि किडनी: भीती किती, खबरदारी कोणती?

जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन सांगितला, की टेंभुर्णीतले नातेवाईक आधी विचारतात, “डॉक्टर, त्या डायच्या इंजेक्शननं किडनी तर जाणार नाही ना?” काही जण या भीतीने तपासणीच टाळतात आणि मूळ आजार वाढतो. म्हणून हे नीट समजून घ्या.

हे डाय म्हणजे आयोडीनयुक्त औषध. त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी स्पष्ट दिसतात आणि नंतर ते किडनीवाटे लघवीतून बाहेर पडते. स्कॅननंतर क्रिएटिनिन वाढले की पूर्वी दोष डायलाच दिला जाई. डाय न दिलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केल्यावर दिसले, की जंतुसंसर्ग, कमी रक्तदाब अशा कारणांनी त्यांचेही क्रिएटिनिन वाढते. २०२० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी संयुक्तपणे सांगितले, की हा धोका पूर्वी वाटला त्यापेक्षा बराच कमी आहे.

म्हणजे धोका शून्य नाही. ईजीएफआर ३० पेक्षा कमी असेल किंवा किडनीला नुकतीच अचानक इजा झाली असेल, तर काळजी हवी. डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांना सहसा तपासणीच्या आधी व नंतर शिरेतून सलाईन देतात.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. “उपाशीपोटी या” म्हटले, की रुग्ण पाणीही सोडतो. त्यात मराठवाड्याचे ऊन, एसटीचा प्रवास आणि दुकानातून घेतलेली अंगदुखीची गोळी. डायपेक्षा हेच किडनीला महागात पडू शकते.

तपासणीआधी एवढे करा:

• मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार असल्यास क्रिएटिनिन व ईजीएफआरचा ताजा रिपोर्ट न्या. सडपातळ वृद्धांत नुसते क्रिएटिनिन फसवे ठरू शकते.
• पाणी कधीपर्यंत चालेल, हे केंद्रात विचारा. हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते पाळा.
• डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका.
• मेटफॉर्मिन चालू असल्यास सांगा. किडनी फार कमजोर असेल तर ती ४८ तास थांबवून, किडनी तपासूनच पुन्हा सुरू करतात.

तपासणीनंतर लघवी कमी झाली, सूज किंवा दम आला तर लगेच दाखवा. आणि पक्षाघात किंवा हार्ट अटॅकची शंका असेल, तर रिपोर्टची वाट पाहत तपासणी लांबवू नका. तिथे उशीरच जास्त घातक असतो.