आबांचे उद्योग

दर आठवड्याला या जागी मी तुम्हाला खताच्या मात्रा आणि फवारणीचे प्रमाण सांगत असतो. आज ते बाजूला ठेवतो आणि घरची गोष्ट सांगतो. गोष्ट आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

आमचे गाव मेहकर तालुक्यातले. आबांचे वय आता ८२. शिक्षण चौथी पास. माझ्यासारखी बी.एस्सी. ॲग्रीची पदवी त्यांच्याजवळ नाही, पण घरात काहीतरी खुडबुड केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. कोणी विचारले, "आबा, काय करून रायले?" तर उत्तर ठरलेले, "काही नाही, गंमत पायतो."

त्यांची सर्वांत जुनी गंमत म्हणजे पावसाचा डबा. डालड्याचा रिकामा डबा, वरचे तोंड पूर्ण कापलेले, अंगणाच्या मधोमध एका दगडावर ठेवलेला. झाड नाही, भिंत नाही, वळचण नाही अशी जागा. पाऊस पडून गेला की सकाळी पट्टी घालून पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. सुरुवातीला चिंचेची काडी होती, नंतर नातीच्या कंपासपेटीतली पट्टी आली. एकदा डबा गंजून फुटला तेव्हा मायने बादली पुढे केली. आबा म्हणाले, "बादली चालत नाही. वर रुंद, खाली अरुंद. पाऊस खोटा दिसन." अगदी बरोबर बोलले. भांडे लहान असो की मोठे, भिंती सरळ उभ्या असल्या म्हणजे झाले. हे मला कॉलेजात शिकवले होते. आबांना कोणी शिकवले ते मी विचारले नाही.

याच डब्यातून पुढे एक शोध लागला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढेच मी त्यांना सांगितले होते. आबांनी दोन दिवस वहीत आकडे मांडले. एकराचे सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणजे २५ मिलिमीटर पावसात एकरावर एक लाख लिटर पाणी पडते! मग त्यांनी घरावरची टिनपत्रे मोजली. ती ३० चौरस मीटर भरली. त्याच पावसात छपरावरून ७५० लिटर, म्हणजे २०० लिटरची जवळजवळ चार पिंपे, नुसती गल्लीत वाहून जात होती. मोठ्या हौसेने त्यांनी हे मायला सांगितले. माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पन्नास वर्सं म्या हिरीवरून पाणी वाह्यलं, तवा हे गणित कुठं होतं?"

आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेहकरच्या बाजारातून पत्र्याची पन्हळ आणि एक पिंप आले. पहिल्या पावसाचे पाणी छपराची धूळ आणि घाण घेऊन येते, ते सोडून द्यायचे आणि नंतरचे धरायचे, हेही ठरले. धुणी-भांडी, बैलांचे पाणी त्यावर भागू लागले.

सगळेच उद्योग असे साधतात असे मात्र समजू नका. एका उन्हाळ्यात त्यांनी मोठ्या माठात लहान माठ ठेवला, मधल्या जागेत रेती भरली, रेती ओली केली आणि वर ओले फडके टाकले. आत मेथी-कोथिंबीर. कोरड्या उन्हात रेतीतले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतला माठ गार राहतो. मे महिन्यात भाजी तीन दिवस हिरवी राहिली आणि आबांचा भाव वधारला. शेजारणी पाहून गेल्या. पण जुलैत हवा दमट झाली, वाफ होईना, माठ गार पडेना आणि आतली कोथिंबीर सडली. आबांनी वहीत लिहिले, 'पावसाळ्यात बंद.' माय म्हणाली, ते तिने वासावरूनच ओळखले होते.

आणि हळदीची गंमत! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या बाया कुंकवापासून जाणतात. आबांनी फडक्याला हळद चोळून वाळवली आणि जे दिसेल त्यात बुडवायला सुरुवात केली. धुण्याचा सोडा लाल, राखेचे पाणी लाल, विहिरीचे पाणी पिवळेच. मी शाळेत होतो तेव्हा ते मला घेऊन लोणारला गेले होते. उल्का पडून झालेले ते विवर आपल्या जिल्ह्याचे भूषण. सरोवराच्या काठावर फडके बुडवले तर लालभडक झाले, आणि वर धारेच्या गोड्या पाण्यात दुसरे फडके बुडवले तर पिवळेच राहिले. एका डोंगीत दोन तऱ्हेचे पाणी! त्या दिवशी मी पहिल्यांदा आबांकडे मास्तर म्हणून पाहिले. (आता तेथे अभयारण्य आहे. पाणी काय, खडाही उचलून आणू नये.)

येथे खात्याचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हे वाचून कोणी हळद घेऊन बोअरवर धावेल. हळद पाण्याचा विम्लपणा, म्हणजे चढलेला सामू दाखवते. पाण्यातले मीठ ती दाखवत नाही. आपल्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथले खारे पाणी हळदीला पिवळेच सोडील आणि तरी पिकाला बाधेल. ओलिताचे पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्यावे. आबांना हे सांगितले तेव्हा त्यांना जरा वाईट वाटले.

आणखी एक. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी झाली की आबा तिचे भाकीत वहीच्या डाव्या पानावर उतरवून घेतात. घागरीखालची चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. उजव्या पानावर त्यांच्या डब्याचे आकडे. कधी दोन्ही पाने जुळतात, कधी पार उलटी जातात. मी एकदा म्हणालो, "आबा, याला शास्त्राचा आधार नाही." ते म्हणाले, "म्हणून तं उजवं पान ठुलं."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

२०१९ साल आठवा. सोयाबीन सोंगणीला आले आणि ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पावसाने गाठले. आमचे दोन एकर त्याआधीच मळून घरात आले होते. उरलेल्या पाच एकरांच्या सुड्या भिजल्या. नंतर ऊन पडले, वाळवून मळणी केली, चाळणी मारली. माल दिसायला बरा होता. त्यातलेच बियाणे ठेवले. सोयाबीन स्वपरागीत पीक, एकदा चांगले बियाणे घेतले की घरचे तीन वर्षे चालते, हे मीच गावोगाव सांगतो. सात एकराला एकरी ३० किलोप्रमाणे २१० किलो लागणार होते. घरात सहा पोती होती. मी निश्चिंत होतो.

२०२० चा मे महिना. टाळेबंदी. मी तोंडाला रुमाल बांधून गावोगाव चार-चार माणसांपुढे उगवणशक्तीची चाचणी दाखवत होतो. घरी मात्र ती केली नव्हती. का केली नाही? बियाणे घरचे, डोळ्यांदेखतचे, आणि मी त्यातला जाणकार. दुसरे कारण नाही.

आबांना घराबाहेर पडता येत नव्हते आणि नातीची शाळा बंद. दोघांनी मायचे धुतलेले गोणपाट पळवले. ओले करून पसरले, १० रांगांत १० असे १०० दाणे मांडले, गुंडाळी केली, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडले. सातव्या दिवशी नातीने मोजले. ५७.

"पाणी जास्त झालं असन," मी म्हणालो. आबांनी पुन्हा केले. ६१.

मी जेवताना समजावले की प्रत्येक वेळी थोडा फरक पडतोच. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "दाणे कोन्या पोत्यातले घेतले ते नाही इचारलं तू." त्यांनी दोन्ही वेळा सहा पोत्यांतून मूठ-मूठ काढून एकत्र केले होते. आता तिसरी गंमत वेगळी होती. मळणीच्या वेळी पोती शिवताना आबांनी, नेहमीच्या खोडीप्रमाणे, पावसाआधीच्या पोत्यांना लाल दोरा आणि पावसानंतरच्यांना पांढरा दोरा घातला होता. वहीत तारखाही होत्या. मी तेव्हा त्यांना हसलो होतो. त्यांनी लाल दोऱ्याचे १०० दाणे एका गोणपाटात आणि पांढऱ्या दोऱ्याचे १०० दुसऱ्यात ठेवले.

लाल दोरा, ७९. पांढरा दोरा, ३८.

मी दोन्ही गोणपाटे अंगणात उघडून बसलो. एकात पांढरे टवटवीत मोड, दुसऱ्यात निम्म्याहून अधिक दाणे फुगून बुळबुळीत झालेले. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ आणि अंकुर सालीला लागूनच असतो. शेंगेत भिजला-वाळला की वरून दिसत नाही, पण आत जीव जातो. पोते आपटले, उंच थप्पी लावली तरी हेच होते. हे वाक्य मी कितीदा बोललो असेन! बियाणे ७० टक्के उगवले तर एकरी ३० किलो, त्याखाली जाईल तसे वाढवायचे, ६० च्या खाली गेले तर पेरायचेच नाही, हा तक्ता माझ्या पिशवीतच होता. सहाही पोती सरसकट पेरली असती तर शेतात कोठे दाट, कोठे टक्कल पडले असते आणि दोष मी पावसाला दिला असता.

लाल दोऱ्याची तीन पोती, प्रत्येकी ६० किलो, सहा एकराला पुरली. सातव्या एकरात तूर-मूग घातला. पांढऱ्या दोऱ्याचा माल बाजारात गेला.

पेरणीही आबांच्या डब्याने झाली. पहिल्या पावसाला २२ मिलिमीटर. गावात तिफणी जुंपल्या. आबा म्हणाले, थांबा. आमच्या खात्याची शिफारसही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा अशी. नाही तर वरची ओल दाणा फुगवते आणि खालची गरम माती त्याला मारते. बेरीज ८४ वर गेली त्या दिवशी पेरले.

त्या जूनमध्ये काय झाले ते तुम्ही विसरला नसाल. सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. मी पंचनाम्यासाठी बांधोबांध फिरत होतो. कोणाचे विकतचे बियाणे, कोणाचे घरचे. दुबार पेरणीला पैसा कोठून आणावा म्हणून माणसे बांधावर डोके धरून बसलेली. त्याच दिवसांत लोणारचे पाणी गुलाबी झाले. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत पुढे निघाले. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत होते आणि माझ्या हातात उजाड तासांचे कागद होते.

एका बांधावर ओळखीच्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, तुमचं कसं हाय?"

"उगवलं," मी म्हणालो.

"तुमी साहेब. तुमाले समजते."

तेथे मी गप्प बसलो. आबांचे नाव सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. आज येथे सांगतो आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून एचएमटी हे धानाचे वाण निघाले. आमच्या आबांच्या दोऱ्यांतून कोणतेही वाण निघालेले नाही. पण वेगळे दिसले ते वेगळे ठेवायचे, ही खोड तीच.

यंदाच्या मे महिन्यातही गोणपाट निघाले. आबांना आता मोड नीट दिसत नाहीत; नात मोजते आणि ते वहीत लिहितात. पहिल्या दिवशी तिने ८१ सांगितले. आबांनी तिला पुन्हा मोजायला लावले, तेव्हा ७८ भरले. तीन दाणे नुसते फुगलेले होते, ते तिने घाईत धरले होते. मायचे म्हणणे एवढेच की पुढच्या वर्षी गोणपाट विकत आणा, तिचे गहू ठेवायचे गोणपाट कुजत चालले आहे.