किरणांची नोकरी आणि कागदांची पिशवी



आमच्या चारठाण्यात "टाटाला नेले" एवढे म्हटले की पुढचे कुणी विचारत नाही. जिंतूर, परभणी, मग रात्रीची गाडी आणि परळचा फुटपाथ, हे सारे त्या दोन शब्दांत येते. पण त्याच टाटा हॉस्पिटलच्या अॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. ते १९६३ साली सुरू झाले. तिथे आपली मुले शिकायलाही जाऊ शकतात हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. मी पडलो बी.कॉम. कारकून. शेजारची एक मुलगी बी.एस्सी. झाली आणि "काका, एवढी माहिती वाचून बघा" म्हणून कागद घेऊन आली, तेव्हा कळले.

विषयाचे नाव न्यूक्लिअर मेडिसिन. एक्स-रेमध्ये किरण बाहेरून अंगातून जातात. इथे उलटे. किरणोत्सारी औषध थोड्या प्रमाणात शिरेतून देतात. ते हाडात, थायरॉइडमध्ये, हृदयात जिथे जायचे तिथे जाते आणि बाहेरचा कॅमेरा त्याचे किरण टिपतो. बहुतेक तपासण्यांना टेक्नेशियम वापरतात. ते दर सहा तासांनी निम्मे होते, म्हणजे सकाळी जेवढे असेल त्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा हिस्सा उरतो. साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून मोलिब्डेनमचा जनरेटर आणून त्यातून रोज ताजे काढतात. हे काढणे, मोजणे, रोग्याला देणे आणि कॅमेरा चालवणे हे काम टेक्नॉलॉजिस्टचे. तेच शिकायचे.

अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातूनही या कामात शिरता येते. परळच्या या केंद्रात मात्र विज्ञानाची पदवी लागते. तिथे अनेक वर्षे डी.एम.आर.आय.टी. नावाची पदविका शिकवली गेली, पुढे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचा एम.एस्सी. अभ्यासक्रमही आला. नावे आणि टक्क्यांच्या अटी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नये, त्या वर्षाची जाहिरात वाचावी. एक मात्र पक्के. दहावीनंतर विज्ञान सोडलेल्या मुलाला ही वाट बंद. आमच्याकडे "आर्ट्स सोपे" म्हणून मुलींना तिकडे ढकलतात, त्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

मुलीची आई मात्र घाबरली. "भाऊ, ते किरण अंगाला लागतेत म्हणे. उद्या पोरीला लेकरू नाही झालं तर?" प्रश्न वेडा नाही. मी तिला नियम सांगितला. काम करणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावर किती किरण लागले याची नोंद होते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या पुढे जाता येत नाही. बाई गरोदर असल्याचे तिने कळवले की पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ वर येते आणि काम त्याप्रमाणे बदलून द्यावे लागते. शिवाय शिशाचा आडोसा असतो. अंतर दुप्पट केले की मारा चौथाईवर येतो. आई म्हणाली, "चुलीसारखंच की, लांबून शेकायचं." मला इतके सोपे सांगता आले नव्हते.

भीती गेली, कागद राहिले. इथे आपली मुले खरी अडतात. हे केंद्र केंद्र सरकारचे. तिथे राखीव जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, परंतु दाखल्यावर यादीतली मूळ जात असावी लागते. नुसते 'नवबौद्ध' चालत नाही. ती जात लिहिताना हात जड होतो, माझाही झाला होता. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाचा दुसऱ्याच एका केंद्रीय प्रवेशाचा अर्ज याच शब्दापायी अडला. नवा दाखला करायला टाकला तर एका कचेरीत फाईल अडीच महिने पडून राहिली. मुदत गेली. पोरगा हुशार होता, आज टेम्पो चालवतो. मी स्वतः कारकून आहे, फाईल कशी दबते ते मला शिकवायला नको. आठवड्याला एकदा जाऊन उभे राहिले की ती हलते, नुसत्या चिठ्ठीने हलत नाही.

म्हणून या मुलीचा दाखला आम्ही जाहिरातीची वाट न पाहता आधीच करायला टाकला. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा काढला, त्यात नावाची वेलांटी चुकलेली, त्याचे प्रतिज्ञापत्र वेगळे केले. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला दाखला हातात आला. आईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला आहे. मुलगी रात्री बारावीचे भौतिकशास्त्र पुन्हा काढून बसते.

ज्यांची मुले यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी दाखला एकदा काढून वाचावा. शंका असली तर रविवारी सकाळी मी विहारात असतो. येताना आजोबांचा उतारा आणावा, झेरॉक्स नव्हे, मूळ.