चिरंजीव वसतिगृहास निघाले!

बारावीचा निकाल लागला की आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक वरात निघते. पुढे चिरंजीव, मागे गादी, बादली, लाडवांचा डबा आणि डोळे टिपणारी आई. खोलीवर मच्छरदाणी बांधते आई, कुलूप आणतात वडील, चिरंजीव मोबाइलमध्ये दंग! दोन वर्षे त्याच्या कानी एकच मंत्र: 'तू फक्त अभ्यास कर.' मग हा गृहस्थ रंगीत सदरा पांढऱ्या कपड्यांत भिजवणार, महिन्याचे पैसे दहा तारखेस संपवणार, आणि अंगात ताप भरला तर कोणाला सांगणारही नाही. या शेवटच्या गोष्टीची मला खरी धास्ती वाटते.

'शिकेल हळूहळू,' म्हणता? हीच सवलत त्याच्या बहिणीला दिलीत काय? तिला बाराव्या वर्षी कुकर लावता येतो. ह्याला अठराव्या वर्षी शिट्ट्या मोजता येत नाहीत. याला लाड म्हणत नाहीत, पक्षपात म्हणतात.

१९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. नाना जातींची गरीब मुले तेथे एकत्र राहिली, आणि स्वावलंबन हे तर रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच. ती गरिबीची गरज होती, असे कोणी म्हणेल. असेल! पण सधनाच्या पोराला काय भूक निराळी लागते?

परीक्षा आणि वसतिगृह यांमध्ये दोन-अडीच महिने मोकळे असतात. तेवढ्यात वरणभात, धुणे, हिशेब आणि एकट्याने डॉक्टरकडे जाणे शिकवा. पहिला भात करपेल. तोच त्याच्या पानात वाढा.