जुनी डिझेल मालमोटार घेतांना

आपला माल आपल्याच वाहनांतून बाजारांत न्यावा, ही इच्छा पुष्कळ बागाइतदारांच्या मनांत मूळ धरूं लागली आहे आणि ती योग्यच आहे. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो पोंचण्यास दोन तास उशीर झाला, तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास भावांतून सोसावा लागतो. भाड्याचा टेंपोवाला त्यांत वांटेकरी होत नाहीं. परंतु नव्या मोटारीचें भांडवल लहान धंद्यास झेपत नाहीं, म्हणून जुन्या डिझेल गाडीकडे दृष्टि वळते. या खरेदींत जी फसगत होते, ती गाडी जुनी असते म्हणून नव्हे, तर पाहण्याचा क्रम उलटा असतो म्हणून होते, असें आमचें मत आहे. रंग आधीं पाहिला जातो, मग भाव, मग इंजिन, आणि कागद सर्वांच्या शेवटीं.

आमच्या मतें पहिला प्रश्न गाडीचा नसून हिशेबाचा आहे. डिझेल म्हणजे स्वस्त, ही समजूत जुन्या काळची आहे. ऑक्टोबर 2014 मध्यें डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठलें आणि पेट्रोलच्या मानानें असलेला त्याचा पूर्वीचा मोठा फरक राहिला नाहीं. उदाहरणादाखल असें धरूं कीं, डिझेल गाडी एका लिटरास 15 किलोमीटर व पेट्रोल गाडी 12 किलोमीटर जाते, आणि दर अनुक्रमें 90 व 104 रुपये आहेत. वर्षास 6,000 किलोमीटर धांवणाऱ्यास डिझेलचे 36,000 व पेट्रोलचे 52,000 रुपये पडतील. बचत 16,000 रुपये. इंधनपंप किंवा इंजेक्टर एकदां बिघडला, तर एवढी रक्कम एका दिवसांत निघून जाऊं शकते. तेंच वाहन 20,000 किलोमीटर धांवलें, तर बचत 53,000 रुपयांच्या घरांत जाते. तेव्हां ज्यांचें वाहन बारमाही धांवेल, त्यांनींच डिझेलचा विचार करावा. हंगामापुरतें काम असेल, तर भाड्याची गाडी बरी, किंवा शेजारच्या तीन-चार खातेदारांनीं मिळून एक घ्यावी.

यानंतर कागद. नोंदणीपत्रावरील इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशीं अक्षरशः ताडून पाहावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर सावकार बँकेचा नाहरकत दाखला व नमुना 35 हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत. हस्तांतरासाठीं नमुना 29 व 30 लागतात. मालवाहू गाडीस आठ वर्षेंपर्यंत दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं योग्यता दाखला घ्यावा लागतो. तो, विमा व न भरलेले दंड, हीं तिन्ही पाहावींत. एकूण वजन 3,000 किलोपेक्षां अधिक नसलेल्या मालगाडीस परवाना लागत नाहीं, ही लहान धंद्यास मोठीच सवलत होय. विकणारानेंही सावध असावें : नोंदणींत ज्याचें नांव, तोच कायद्यानें मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं दिला आहे. गाडी गेली आणि नांव राहिलें, तर अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या माथीं येते.

कागद खरे ठरले म्हणजे इंजिनाकडे वळावें. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. हा दाब कमी होणें हेंच त्याचें खरें म्हातारपण. म्हणून गाडी पहाटे, थंड असतांना पाहावी, आणि विकणारानें ती आधींच तापवून ठेवली नाहीं ना, हें इंजिनास हात लावून खात्री करून घ्यावें. सुरू झाल्यावर ऑइल भरण्याचें झांकण जपून उघडावें. तेथून वाफ जोरानें बाहेर पडत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असें समजावें. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. काळा म्हणजे तेल अधिक किंवा हवा कमी. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला, तर पाणी आंत शिरत असण्याचा संशय घ्यावा. मग नेहमीं नेतों तितकें ओझें घालून चढावर चालवावी. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर सर्वच विकणारांची चांगली चालते.

सांगाडा खालून पाहावा. पाट्यांचे जोड तुटलेले किंवा नव्यानें जोडलेले असतील, तर गाडीनें मर्यादेबाहेर वजन ओढलें आहे. टायरवरील शेवटचे चार आंकडे वाचावेत : 3221 म्हणजे 2021 सालचा बत्तिसावा आठवडा. मीटरवर विसंबूं नये; झिजलेलें पायटें व सुकाणूचक्र अधिक खरें बोलतात. 1 एप्रिल 2020 नंतरच्या, बी.एस. सहा मानाच्या अनेक डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी गाळणारी जाळी असते. ती मोकळी राहण्यास अधूनमधून बराच वेळ एकसारखें धांवावें लागतें. ज्यांचा मार्ग मळ्यापासून गांवापर्यंतचाच आहे, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

वाहनाचा आकार मालावरून ठरवावा. पाऊण टनाचा छोटा हत्ती भाजीस पुरतो. कांद्याच्या गोण्या रोज असतील, तर पिकअपच घ्यावी. लहान गाडींत मोठें ओझें कोंबून वांचविलेला पैसा मिस्त्रीच्या घरीं जातो.

शेवटीं एक गोष्ट आम्हांस आग्रहानें सांगावयाची आहे. हातांतील रकमेच्या तीन हिश्शांचीच गाडी घ्यावी आणि चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीस राखून ठेवावा. पीककर्जाचा पैसा तर यांत कदापि घालूं नये. पिकाच्या खतापाण्याचा पैसा चाकांत गेला, तर बाजारांत नेण्यास मालच उरणार नाहीं. दलाल सांगेल कीं, आज घेतली नाहीं तर उद्यां गिऱ्हाईक तयार आहे. असूं द्यावें. चांगली गाडी पुन्हां मिळते. फसून गेलेलें भांडवल मात्र पुढच्या दोन-तीन पिकांतूनही भरून निघत नाहीं.