राहून गेलेली मैफल

काही गाणी आपल्याला तोंडपाठ असतात, पण ज्याने ती गायिली त्याच्यासमोर बसण्याचा योग कधी आलेला नसतो. माझ्यासाठी अशी एक कव्वाली आहे, ‘चढता सूरज’. ती लिहिली कैसर रत्नागिरवी यांनी. शायराच्या नावातच आपले रत्नागिरी आहे. गायिली मुंबईच्या अजीज नाझां यांनी. ते १९९२ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. अनसिंगला आम्ही ही कव्वाली कॅसेटवर ऐकली, आता मोबाइलवर ऐकतो. समोर बसून ऐकायची मात्र राहून गेली.

कुणी म्हणेल, आवाज तोच, शब्द तेच, मग राहिले काय?

संगीत ऐकण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण ज्या बुजुर्गांनी समा ऐकला, त्यांनीही त्याला अटी घातल्या. इमाम गझालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये हजरत जुनैद बगदादींचे म्हणणे नोंदवले आहे की समासाठी तीन गोष्टी हव्यात: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. कॅसेटने आपल्याला आवाज दिला. या तीन गोष्टी ती देऊ शकली नाही.

कव्वाली ही निम्मी ऐकणाऱ्यांची असते. एखाद्या ओळीवर समोरच्याचे डोळे भरून आले की कव्वाल पुढे जात नाही, तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतो. मध्येच दुसऱ्या शायराचा शेर आणून त्याच ओळीला जोडतो. त्याला गिरह म्हणतात. ती गिरह त्या रात्रीसाठी, त्या माणसांसाठी असते. १२३५ मध्ये दिल्लीत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी एका फारसी शेरावर बेखुद झाले, तेव्हा कव्वाल कित्येक दिवस तोच शेर गात राहिले आणि त्याच अवस्थेत ख्वाजासाहेबांचा विसाल झाला, अशी रिवायत आहे. रेकॉर्डवर ओळ ठरल्याइतक्याच वेळा येते. ऐकणारा रडतो आहे की जेवतो आहे, हे तिला कळत नाही.

‘चढता सूरज’चा विषयच मुळी हा आहे की दौलत, जवानी, नाव सारे मावळते. अशी गोष्ट घरात एकट्याने ऐकणे वेगळे आणि शेजारी म्हातारे, तरुण, मालक, मजूर एकाच सतरंजीवर बसलेले असताना ऐकणे वेगळे. तिथे बाजूच्या माणसाचा उसासाही कानी पडतो.

अजीज नाझां आता ऐकायला मिळणार नाहीत. पण मंगरुळपीरला हजरत हयात कलंदर यांचा दर्गाह आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि उर्सात गाणारे कव्वाल आजही गावोगाव आहेत. त्यांचे नाव मोठे नसेल. आपण मात्र त्यांच्यासमोर मोबाइल उंच धरून उभे राहतो, दोन मिनिटांचे चित्रण करतो आणि चहाला निघतो. अशाने समोर असलेली मैफलही राहूनच जाते.

घरात दादा, नाना असतील तर त्यांना विचारा, त्यांनी कुणाकुणाला समोर बसून ऐकले. आणि पुढच्या उर्सात मोबाइल खिशात ठेवून, मुलांना जवळ घेऊन, एक कव्वाली तरी शेवटपर्यंत बसून ऐका.