किल्ला कोणी जिंकला?

परवा वेल्समधला कार्नार्वनचा किल्ला बघून आलो. तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाहीये, म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे किल्ला म्हटलं की छाती फुगते, कारण तो 'आपला' असतो. हा मात्र परक्यांनी बांधलेला, तोही इथल्या लोकांना धाकात ठेवण्यासाठी. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकलं आणि १२८३ मध्ये सेयॉन्ट नदीच्या मुखाशी काम सुरू केलं. आधीची वेल्श वस्ती हलवली, किल्ल्याला लागून तटबंदीचं गाव वसवलं आणि त्यात इंग्रज आणून बसवले.

बांधकाम बघून थक्क व्हायला होतं, हे खरं. गोल नव्हे, बहुकोनी बुरूज. भिंतींवर वेगळ्या रंगाच्या दगडांचे आडवे पट्टे. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण व्हावी म्हणून ते तसे केले, असं बरेच अभ्यासक मानतात. गावाकडच्या राजदरवाजाला पाच दारं आणि वरून खाली सोडायच्या सहा जाळ्या लावायचा बेत होता! तरी १२९४ च्या उठावात वेल्श लोकांनी हा अर्धवट किल्ला घेतलाच. पुढच्याच वर्षी तो इंग्रजांकडे परत गेला. १३३० च्या सुमारास काम थांबलं ते कायमचंच. पुढची भिंत जोडण्यासाठी सोडलेले दगड आजही आत तसेच बाहेर डोकावतायत.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते किल्ल्याबाहेर. तटाच्या आतल्या गल्लीत चहा प्यायला बसलो, तर आजूबाजूला सगळे वेल्शमध्ये गप्पा मारत होते. दुकानदार, पोरंटोरं, सगळे. ज्यांना दूर ठेवायला हा तट उभारला, त्यांचीच भाषा आज तटाच्या आत घरच्यासारखी नांदतेय. म्हणून मला वाटतं, किल्ला एडवर्डने बांधला खरा, पण जिंकला तो या चहावाल्यांनी. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत ते दगड. माझ्या मते खरा वारसा ही बडबड आहे.

लेकीने विचारलं, "हे कुठली भाषा बोलतायत?" विचारलं अर्थात इंग्रजीत. मीही सवयीने इंग्रजीतच उत्तर दिलं, आणि मग जीभ चावली. आमच्या घराला ना तट, ना शत्रू. तरी मराठी हळूहळू दाराबाहेर चाललीये, आणि दार मीच उघडून धरलंय.

असो. रविवारी आजीला फोन लावलाय. लेक बोलली, अडखळत, पण मराठीत.