नकाराची परीक्षा

जाळ्यावरील प्रवेशनियंत्रणाची संहिता, म्हणजे कोणत्या पत्त्यावरून आलेली जोडणी स्वीकारावी आणि कोणती परतवावी हे ठरवणारा प्रोग्राम, एकदा लिनक्सवर चालला की युनिक्सच्या कुळातील सर्व प्रणालींवर तो बरोबर आहे आणि अन्यत्र बिघडल्यास दोष त्या प्रणालीचा, असे मत अनेक जाणकारही बाळगतात. हे मत टिकणारे नाही.

वित्से वेनेमा यांनी १९९० मध्ये आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात रचलेल्या 'टीसीपी रॅपर'मध्ये आधी परवानगीची यादी, मग मनाईची यादी पाहिली जाते आणि दोहोंत पत्ता न सापडल्यास प्रवेश मिळतो. याच क्रमाने चालणारी, परंतु पत्ते केवळ अक्षरशः ताडून पाहणारी संहिता घेतली, तर लिनक्सवर आयपीच्या सहाव्या आवृत्तीचे सॉकेट चौथ्या आवृत्तीच्या जोडण्याही स्वीकारते आणि त्यांचा पत्ता पुढे ठराविक उपसर्ग लावून हाती देते. तो मनाईच्या यादीतील साध्या रूपाशी जुळत नाही, आणि ज्याला रोखायचे तोच आत येतो. ओपनबीएसडीवर असे सॉकेट चौथ्या आवृत्तीची जोडणी घेतच नाही, म्हणून तेथे ही फट दिसत नाही. लक्षणीय हे की, या बाबतीत अशा सॉकेटांचे वर्तन ठरवणाऱ्या मूळ तांत्रिक दस्तऐवजाला अनुसरणारी प्रणाली लिनक्सच आहे. तेव्हा वेगळे वागणाऱ्या प्रणालीला दोषी धरण्यात अर्थ उरत नाही.

हे काम अग्निभिंतीवर (फायरवॉलवर) सोपवावे, हा आक्षेपही पुरेसा नाही, कारण ओपनबीएसडीच्या 'पीएफ'मध्ये 'क्विक' हा शब्द नसल्यास शेवटी जुळलेला नियम लागू होतो, तर फ्रीबीएसडीच्या 'आयपीएफडब्ल्यू'मध्ये सामान्यतः पहिला जुळलेला परवानगीचा वा मनाईचा नियम निर्णय देतो. नियमांचा तोच क्रम दोन ठिकाणी उलट निकाल देऊ शकतो.

एखाद्या चौकोनी किल्ल्याचा बंदोबस्त जसा एकाच कोपऱ्यातील बुरुजावरून पारखता येणार नाही, तशीच या संहितेची सुरक्षितता एकाच प्रणालीवरून ठरवता येत नाही. म्हणून तुलनेपूर्वी प्रत्येक पत्ता एकाच द्विमान रूपात आणावा, दोन्ही आवृत्त्यांसाठी वेगळी सॉकेटे उघडून सहाव्या आवृत्तीपुरते मर्यादित राहण्याचा पर्याय स्पष्टपणे लावावा, आणि मुख्य म्हणजे ज्याला मनाई आहे अशा पत्त्यावरून प्रत्येक प्रणालीवर जोडणी करून पाहावी; कारण प्रवेश न मिळाल्याची तक्रार वापरकर्ता तत्काळ करतो, नको त्याला प्रवेश मिळाल्याची तक्रार कोणीच करत नाही. कोणत्या नियमाने निर्णय दिला आणि त्या वेळी पत्ता कोणत्या रूपात होता, याची नोंद लॉगमध्ये असेल, तरच फट नेमकी कोठे आहे हे शोधता येते.